रोटरीला दिलेली देणगी नक्की कुठे जाते?

तुम्ही विचारलंय की तुमच्या गावातला रोटरी क्लब डायलिसिस मशीनसाठी देणगी मागतोय आणि त्याच वेळी पैसे 'फाउंडेशनला जातात' असंही सांगतोय, मग मशीन येणार कसं? मी आमच्या क्लबचा दोन वर्षं खजिनदार होतो, नंतर फाउंडेशनचं कामही पाहिलं. आधी एकच बघा: पावती कोणाच्या नावाची मिळते?

क्लबच्या स्वतःच्या ट्रस्टची पावती असेल तर पैसा गावातच राहतो. नेत्रशिबिर, वह्यावाटप, स्मशानभूमीतले बाक. अशा कामांचा निर्णय आमच्याकडे चहा संपायच्या आत होत असे.

'रोटरी फाउंडेशन (इंडिया)'ची पावती असेल तर प्रवास लांबचा. ही रोटरीच्या जागतिक निधी-संस्थेची, म्हणजे रोटरी फाउंडेशनची, भारतातली संस्था. मूळ फाउंडेशन १९१७ सालच्या कल्पनेतून उभं राहिलं. पहिली देणगी होती साडेसव्वीस डॉलरची. वार्षिक निधीत दिलेली रक्कम तीन वर्षं गुंतवून ठेवतात. नंतर, चालवण्याचा थोडा खर्च वजा जाता, निम्मी आपल्या डिस्ट्रिक्टकडे, म्हणजे आसपासच्या रोटरी क्लबांच्या विभागाकडे, परत येते (तिला डीडीएफ म्हणतात) आणि निम्मी जगभराच्या सामाईक वर्ल्ड फंडात राहते. म्हणजे यंदा येणारं मशीन तीन वर्षांपूर्वी कुणीतरी दिलेल्या पैशांचं असतं. नव्या सभासदांना हे पटवताना आमची दरवेळी दमछाक व्हायची.

डीडीएफमधून छोट्या कामांना डिस्ट्रिक्ट ग्रँट मिळते. मोठ्या कामाला ग्लोबल ग्रँट: बजेट किमान ३०,००० डॉलर आणि परदेशातला एक क्लब भागीदार हवाच. हिशेब असा. समजा आपल्या डिस्ट्रिक्टने ८,००० डॉलर डीडीएफ दिला, परदेशी डिस्ट्रिक्टने ६,०००. त्या १४,००० वर वर्ल्ड फंड ८० टक्के, म्हणजे ११,२०० घालतो. झाले २५,२००. उरलेले क्लबांनी रोखीने गोळा करायचे, आणि त्या रोख रकमेवर वर्ल्ड फंड एक पैसाही घालत नाही. तुमच्याकडे मागितले जाताहेत ते बहुधा हेच.

पैशापेक्षा जास्त घाम अर्ज फोडतो. गावाची गरज आधी तपासून लिहावी लागते. आम्ही एका जिल्हा परिषद शाळेत पाण्याचा फिल्टर बसवायचं ठरवून गेलो होतो. मुख्याध्यापिका बाईंनी काही न बोलता आम्हाला तोटीपाशी नेलं, ती फिरवली. नुसती हवा आली. "पाणी आठवड्यातून दोनदा येतं, फिल्टर कशाला लावताय?" शेवटी टाकी आणि पावसाच्या पाण्याची साठवण झाली. डायलिसिसचं तर अजून अवघड: तंत्रज्ञाचा पगार, आरओचं पाणी, डायलायझरचा (रक्त गाळणाऱ्या फिल्टरचा) खर्च पुढे कोण करणार, हे अर्जात दाखवावं लागतं. त्याचं उत्तर ज्या क्लबकडे नसतं त्याचं मशीन पुढे कापडाखाली झाकलेलं दिसतं. दोन ठिकाणी मी स्वतः पाहिलंय.

पोलिओचा पैसा वेगळा. पावतीवर 'पोलिओप्लस' लिहिलं असेल तर तो गावात परत येत नाही, तो लसीकरणाला जातो. एका डॉलरला गेट्स फाउंडेशन दोन घालतं, वर्षाला ५ कोटी डॉलरपर्यंतच्या देणगीवर. आपल्याकडचा नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात सापडला. आता काम मुख्यतः पाकिस्तान-अफगाणिस्तानात चालू आहे. काही लोक याला नाकं मुरडतात, "आपल्या पैशात त्यांची मुलं का?" विषाणू सीमेवर पासपोर्ट दाखवत नाही, हे मी त्यांना सांगून थकलोय.

तेव्हा क्लबच्या अध्यक्षांना ग्लोबल ग्रँटचा नंबर विचारा, जीजीने सुरू होतो. नंबर मिळालेला असेल तर परदेशी भागीदार कोणता, मशीन कोणत्या दवाखान्यात बसणार आणि तंत्रज्ञाचा पगार कोण देणार, एवढं विचारून घ्या. 'लवकरच मंजूर होईल' असं उत्तर आलं तर चेक महिनाभर खिशातच ठेवा.