प्रश्न तुमचे : वजनाचा बॉक्स आणि दिवाणजींचं एंटर

प्रश्न : मार्केट यार्डात आमची गुळाची अडत आहे. शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशोबाची चिठ्ठी, करायचं सॉफ्टवेअर मी सी प्लस प्लसमध्ये थेट विंडोजच्या एपीआयवर (विंडोजनं प्रोग्रॅमला दिलेल्या फंक्शन्सवर) लिहितोय. वजनाच्या एडिट कंट्रोलमध्ये (टाईप करायच्या बॉक्समध्ये) फक्त आकडे आणि एकच टिंब जावं म्हणून डायलॉगच्या प्रोसिजरमध्ये, म्हणजे मेसेज हाताळणाऱ्या फंक्शनमध्ये, डब्ल्यूएम_चार हा टाईप केलेल्या अक्षराचा मेसेज पकडायला गेलो, तर तो येतच नाही. मग ईएन_चेंज, म्हणजे मजकूर बदलल्याची वर्दी, आला की मजकूर साफ करून सेटविंडोटेक्स्ट या फंक्शननं परत भरायला लागलो. आता कर्सर पहिल्या अक्षराकडं पळतो आणि मधूनच प्रोग्रॅम बंद पडतो. त्यात दिवाणजी सवयीनं एंटर मारतात आणि अर्धवट पट्टी सेव्ह होते. काय करू? — एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर : पाडव्याचे सौदे सुरू व्हायच्या आत हे मार्गी लावू.

विंडोज कळीचा मेसेज ज्या खिडकीकडं फोकस आहे, म्हणजे जिच्यात सध्या टायपिंग जातंय, तिलाच देतं. एडिट कंट्रोल ही स्वतःची प्रोसिजर असलेली वेगळी खिडकी आहे. दिवाणजी वजन टाईप करत असतात तेव्हा डब्ल्यूएम_चार त्या बॉक्सला मिळतो, तुमच्या डायलॉगला नाही. डायलॉगला नंतर डब्ल्यूएम_कमांडमधून नुसती वर्दी मिळते: डब्ल्यूपॅरामच्या खालच्या अर्ध्यात कंट्रोलचा नंबर, वरच्या अर्ध्यात काय घडलं त्याचा कोड, एलपॅराममध्ये कंट्रोलचं हँडल (त्या खिडकीची ओळख). ईएन_चेंज येईतो अक्षर बॉक्समध्ये जाऊन पडद्यावर उमटलेलं असतं. तिथं अडवायला गेलात की वरात निघून गेल्यावर मांडव घातल्यासारखं होतं.

बंद पडण्याचं कारणही तिथंच आहे. एका ओळीच्या एडिटमध्ये सेटविंडोटेक्स्ट केलं की पुन्हा ईएन_चेंज येतो, त्यात तुम्ही पुन्हा सेटविंडोटेक्स्ट करता, आणि स्टॅक, म्हणजे एकात एक कॉल साठवायची मेमरी, भरेपर्यंत हेच चालतं. शिवाय असा अख्खा मजकूर बदलला की कंट्रोल झेडची आठवणही पुसली जाते. ईएन_चेंज ठेवा तो खालच्या लेबलात वजन गुणिले दर दाखवायला. त्या कामाला तो झकास आहे.

अडवायचं असेल तर बॉक्सलाच सबक्लास करा, म्हणजे त्याच्या प्रोसिजरच्या आधी तुमची प्रोसिजर बसवा. सेटविंडोसबक्लास वापरा, नको असलेलं अक्षर आलं तर शून्य परत करा, बाकी सगळं डेफसबक्लासप्रोककडं, म्हणजे बॉक्सच्या मूळ प्रोसिजरकडं, सोडा आणि डब्ल्यूएम_एनसीडिस्ट्रॉय हा खिडकी नष्ट होतानाचा मेसेज आला की सबक्लास काढून टाका. आता गाळणी लिहिताना बहुतेकांचं जे हुकतं ते सांगतो. बॅकस्पेससुद्धा डब्ल्यूएम_चार म्हणूनच येतो, कोड ८. कंट्रोल सी ३, कंट्रोल व्ही २२, कंट्रोल झेड २६. तुम्ही ‘४८ ते ५७ (० ते ९) आणि ४६ (टिंब) सोडून सगळं बंद’ असं लिहिलंत तर दिवाणजींना चुकलेला आकडा खोडताही येणार नाही. ३२ च्या खालचं सगळं मुकाट्यानं जाऊ द्या.

टिंबाचं जरा नाजूक आहे. बॉक्समध्ये ‘२९.५’ आहे, दिवाणजींनी सगळं सिलेक्ट करून ‘.७५’ टाईप करायला घेतलं. तुमचा कोड म्हणणार, टिंब आधीच आहे, नको. पण ते जुनं टिंब तर आता जाणारच आहे! म्हणून आधी ईएम_गेटसेलनं सिलेक्शन कुठून कुठपर्यंत ते विचारा आणि टिंब त्याच्या बाहेर असेल तरच नव्याला अडवा.

मराठी कीबोर्ड चालू राहिला तर २४०६ ते २४१५ हे कोड येऊ शकतात, म्हणजे आपले ० ते ९. ते नाकारू नका. त्यातून २३५८ वजा करा आणि तोच मेसेज पुढं पाठवा. बॉक्समध्ये इंग्रजी आकडा पडेल. अर्थात खिडक्या युनिकोडच्या हव्यात. आपल्याकडच्या बॉक्सनं आपले आकडे परत पाठवावेत हे मला तरी पटत नाही.

पेस्टसाठी डब्ल्यूएम_पेस्ट वेगळा पकडावा लागतो. एक्सेलमधून ‘१,२४०.५’ स्वल्पविरामासकट येणारच. ईएस_नंबर ही फक्त आकडे घेणारी स्टाईल लावून सुटका होत नाही, कारण ती टिंबही घेत नाही आणि पेस्टही रोखत नाही. माझं मत विचाराल तर टाईप करताना थोडंच अडवा, खरी तपासणी सेव्हच्या वेळी करा. ईएन_किलफोकसमध्ये, म्हणजे बॉक्समधून फोकस गेल्याच्या वर्दीत, मेसेजबॉक्स तर मुळीच नको. फोकस बदलतानाच नवी खिडकी उघडली की फोकसचा घोळ होतो, आणि रद्दचं बटण दाबायला निघालेल्या माणसालाही ‘वजन चुकलं’ म्हणून दटावलं जातं. बॉक्स लाल करा, पुरे. त्यासाठी डायलॉगला डब्ल्यूएम_सीटीएलकलरएडिट हा बॉक्सचा रंग विचारणारा मेसेज मिळतो.

राहिलं एंटर. डायलॉगमध्ये एंटर बॉक्सपर्यंत पोचतच नाही, त्याचं आयडीओके (ओके बटणाचा नंबर) होऊन डब्ल्यूएम_कमांड येतो. तेव्हा आयडीओके आल्यावर फोकस कुठं आहे ते गेटफोकसनं बघा. फोकस वजन, दर, हमाली, तोलाई यांपैकी कुठल्याही बॉक्समध्ये असेल तर सेव्ह न करता डब्ल्यूएम_नेक्स्टडीएलजीसीटीएल पोस्ट करा, फोकस पुढच्या बॉक्समध्ये जाईल. सेव्ह फक्त बटणावर फोकस असतानाच. दिवाणजींची सवय बदलायच्या भानगडीत पडू नका.

प्रश्न : मी लिहिलेल्या टिपणवहीच्या प्रोग्रॅममधल्या मोठ्या बॉक्समध्ये बरंच लिहून झालं की टायपिंग थांबतं, नुसतं टुक वाजतं. पण फाईल उघडली तर तिच्यातला मजकूर कितीही मोठा असला तरी पूर्ण दिसतो. — एक विद्यार्थिनी, राजारामपुरी

उत्तर : एडिट कंट्रोलमध्ये टाईप करायची मूळ मर्यादा ३२,७६७ अक्षरांची. ती फक्त वापरणाऱ्याच्या टायपिंगला लागू आहे, प्रोग्रॅमनं भरलेल्या मजकुराला नाही, म्हणून फाईल बिनबोभाट उघडते. बॉक्स तयार झाल्यावर ईएम_सेटलिमिटटेक्स्ट हा मर्यादा ठरवणारा मेसेज शून्य देऊन पाठव, मर्यादा जितकी वाढू शकते तितकी वाढेल.