डक्टमधील बुरशी : धूर सोडण्याआधी ट्रे पाहा

प्रश्न : ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर आमची सदनिका आहे. फॉल्स सीलिंगमधून डक्ट, म्हणजे थंड हवा नेणारे बंद मार्ग, फिरवून तिन्ही खोल्यांसाठी एकच एसी बसविलेला आहे. श्रावण लागल्यापासून एसी सुरू करताच कुबट वास येतो आणि हवा बाहेर येणाऱ्या जाळ्यांभोवती काळे ठिपके दिसू लागले आहेत. सासूबाईंना दमा आहे. डक्टमध्ये जंतुनाशकाचा धूर सोडला की काम होईल, असे मेकॅनिक सांगतो. तसे करावे का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : धूर सोडू नका, असेच मी आपल्याला सांगेन. मेलेल्या बुरशीचीही ॲलर्जी होऊ शकते, ओल कायम राहिली तर नवी बुरशी पुन्हा धरते, आणि ते रसायन शेवटी सासूबाईंच्याच श्वासात जाते. तूर्त एसी बंद ठेवून पंख्यावर भागवा आणि ठिपक्यांवर कोरडे फडके मारू नका, कारण त्याने बीजाणू घरभर उडतात. त्यांची धाप वाढली असेल, तर डॉक्टरांना या वासाची आणि ठिपक्यांची माहिती अवश्य द्या.

पावसाळ्यात खाडीकाठच्या या पट्ट्यात हवेतील आर्द्रता अनेक दिवस ८० टक्क्यांच्या वर असते. ती हवा थंड कॉईलवर, म्हणजे एसीतील गार नळ्यांच्या जाळ्यावर, आली की तिच्यातील पाणी कॉईलखालच्या ट्रेमध्ये ठिबकते, आणि माझ्या मते खरा दोष बहुधा तेथेच सापडेल. मेकॅनिककडून सीलिंगची झडप उघडून घ्या आणि एसी चालू असताना बॅटरीच्या उजेडात ट्रे स्वतः पाहा. डक्टच्या यंत्रात पंखा बहुधा कॉईलमधून हवा ओढून घेतो. त्या ओढीने निचऱ्याच्या नळीतूनही हवा वर खेचली जाते आणि पाणी उतरण्याऐवजी ट्रेमध्येच अडून राहते. म्हणून नळीला, बेसिनखाली असतो तसा, थोडे पाणी धरून ठेवून हवा अडविणारा यू आकाराचा ट्रॅप लागतो. एसी चालू असताना ट्रे भरलेला आणि बंद करताच पाणी भडभडून वाहून गेले, तर ट्रॅप नाही किंवा तो कोरडा पडला आहे, असे समजावे. नळीला उतार नसणे आणि तिच्यात शेवाळासारखा बुळबुळीत गाळ अडकणे, हे दोषही त्याच वेळी तपासून घ्यावेत.

यानंतर कॉईल, ट्रे आणि फिल्टर धुऊन घ्या. पत्र्याच्या डक्टचा आतला भाग पुसून स्वच्छ होतो. परंतु आतून ग्लासवूलचे (काचेच्या तंतूंच्या कापसासारखे) अस्तर असेल आणि त्यावर बुरशी धरली असेल, तर ते धुऊन किंवा फवारून स्वच्छ होत नाही, तेवढा भाग काढून नवाच बसवावा लागतो. हा खर्च टाळण्यासारखा नाही, हे आपल्या घरची परिस्थिती पाहून आग्रहाने सांगतो.

जाळ्यांभोवतीचे ठिपके कदाचित नुसती धूळही असेल, कारण गार जाळीला घाम येतो आणि त्यावर धूळ चिकटते. एका ठिपक्यावर घरगुती ब्लीचचा थेंब लावा. एक-दोन मिनिटांत तो फिकट झाला तर बुरशीची शक्यता अधिक. ब्लीचमध्ये दुसरे कोणतेही क्लीनर मिसळू नका.

काम झाल्यावर पंख्याचे बटण ‘ऑटो’वर ठेवा, कारण कॉम्प्रेसर थांबल्यानंतरही पंखा फिरत राहिला तर कॉईलवरचे पाणी पुन्हा खोलीत येते. तापमान अठरावर न नेता २४ अंशांच्या आसपास ठेवा, म्हणजे जाळ्यांना घाम कमी येईल. आर्द्रता दाखविणारे छोटे यंत्र सासूबाईंच्या खोलीत ठेवा. दारे-खिडक्या बंद असून एसी चालू असतानाही आकडा ६० च्या खाली उतरत नसेल, तर यंत्राची क्षमता घराच्या मानाने जास्त आहे का, हे तपासून घ्या. तसे यंत्र खोली लवकर गार करून थांबते आणि हवेतील ओल तशीच राहते.