भूक मेली तरी जेवायचं असतं : तुमचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

प्रश्न : माझं वय ४४, उंची पाच फूट दोन इंच, वजन ९२ होतं. बीपीची गोळी चालू, शुगर बॉर्डरवर. आमच्या डॉक्टरांनी सगळ्या टेस्ट करून आठवड्यातून एकदा घ्यायचं माउंजारो (वजन उतरवायचं इंजेक्शन) चालू केलं. वजन उतरतंय पण भूकच लागत नाही. सकाळी चहा-बिस्किट, दुपारी अर्धी पोळी आणि रात्री काहीच नाही असं चाललंय. मळमळतं, केस गळतायत, जिना चढताना पाय लटपटतात. घरचे म्हणतात बंद कर. काय करू? (नाशिकच्या एक वाचक)

उत्तर : ताई, स्वतःच्या मनाने बंद करू नका, पण जसं चाललंय तसंही चालू ठेवू नका. जेवल्यावर आपल्या आतड्यातून काही हार्मोन सुटतात, ते मेंदूला पोट भरल्याचं कळवतात. तुमच्या इंजेक्शनमधलं टिर्झेपाटाइड त्यातल्या दोन हार्मोनसारखं काम करतं, म्हणून भूक मंदावते, आणि जेवण पोटात जास्त वेळ राहतं म्हणून मळमळतं. म्हणजे औषध त्याचं काम करतंय. पण शरीराला लागणारं प्रोटीन काही त्यामुळे कमी होत नाही, आणि ते पोटात गेलं नाही की चरबीबरोबर स्नायूही झिजतात. पाय लटपटतात त्यामागे बहुतेक हेच आहे, तरी बीपी एकदा तपासून घ्या, कारण वजन उतरल्यावर बीपीही उतरतं आणि जुन्या गोळीचा डोस जास्त होऊ शकतो. केसांचं म्हणाल तर वजन झपाट्याने उतरलं की दोन-तीन महिन्यांनी केस गळायला लागतात, खाणं सुधारलं की बहुतेकांचे परत येतात.

आता भुकेची वाट बघायची नाही, घड्याळ बघून जेवायचं. ताटात आधी प्रोटीन संपवा, मग पोळी, भात सगळ्यात शेवटी. दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रोटीन पोटात जावं असं बघा (किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारून). एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम असतं, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास, वाटीभर पातळ वरणात मात्र पाच-सहाच, त्यामुळे नुसत्या वरणावर भागणार नाही. मुगाचं धिरडं, मटकीची उसळ, दही, सोयाबीनच्या वड्या, खात असाल तर मासे. थोडं थोडं, चार-पाच वेळा. तळलेलं आणि तिखट तर्री सध्या बाजूला ठेवा, मळमळ त्यानेच वाढते. पाणी घोट घोट दिवसभर. आणि नुसतं चालून स्नायू टिकत नाहीत, खुर्चीतून उठबस, भिंतीला टेकून जोर, हातात पाण्याच्या बाटल्या घेऊन व्यायाम, असं आठवड्यातून दोन-तीनदा तरी कराच.

डोस २.५ मिलिग्रॅमपासून सुरू होतो आणि किमान चार आठवडे झाल्याशिवाय पुढे न्यायचा नसतो. पण चार आठवडे झाले म्हणून वाढवलाच पाहिजे असंही नाही. त्रास होत असेल तर आहे त्याच डोसवर थांबता येतं, हे तुमच्या डॉक्टरांशी बोला. पोटात जोरात दुखून कळ पाठीत जात असेल आणि उलट्या थांबत नसतील तर मात्र घरी बसायचं नाही, लगेच हॉस्पिटल गाठा, स्वादुपिंडाला सूज आलेली असू शकते.

प्रश्न : धाकटा भाऊ २६ चा, पाच फूट आठ इंच, वजन ७४. डिसेंबरमध्ये लग्न आहे. जिममधला ट्रेनर म्हणतो प्रिस्क्रिप्शनशिवाय इंजेक्शन आणून देतो, दोन महिन्यांत पोट जाईल. द्यावं का? (पिंपरीचे एक वाचक)

उत्तर : नाही. त्याला समजावून सांगा, नाही ऐकलं तर परत सांगा. वजनासाठी हे औषध बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, तो आकडा) ३० च्या वर असेल तर देतात, किंवा २७ च्या वर आणि सोबत बीपी, डायबेटिस असं काही असेल तर. त्याचा बीएमआय २५ सुद्धा भरत नाही. घरात कुणाला मेड्युलरी थायरॉइड कॅन्सर झाला होता का, त्याला कधी स्वादुपिंडाचा त्रास झालाय का, हे ट्रेनर विचारणार नाही. आणि ही औषधं फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांवर ठेवावी लागतात, ती शीशी कुठून आली, कशी आली, आत काय आहे, कोण सांगणार? पहिल्याच वेळी मोठा डोस टोचला तर उलट्या-जुलाब होऊन अंगातलं पाणी जातं आणि किडनीवर येतं. लग्नाच्या फोटोसाठी एवढी जोखीम घेऊ देऊ नका.

प्रश्न : मी ३१ वर्षांची, वेगोव्ही घेते, १३ किलो उतरले. आता बाळाचा विचार आहे. बंद केल्यावर वजन परत येतं का? (ठाण्याच्या एक वाचक)

उत्तर : बाळाचं ठरवण्याआधी किमान दोन महिने सेमाग्लुटाइड (तुमच्या वेगोव्हीमधलं औषध) बंद करावं लागतं, तेव्हा तारखा आत्ताच डॉक्टरांबरोबर ठरवा, आणि तोवर गर्भनिरोधन नीट पाळा. (माउंजारो घेणाऱ्यांनी लक्षात ठेवा, त्याने गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होऊ शकतो, म्हणून सुरुवातीला आणि प्रत्येक डोस वाढवल्यावर चार आठवडे कंडोमसुद्धा वापरायचा.) वजन बऱ्याच जणांचं परत येतं, हे मी लपवणार नाही. सेमाग्लुटाइडच्या २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरलं होतं, आणि त्यातल्याच काही लोकांचं औषध बंद झाल्यावर वर्षभरात उतरलेल्यातलं दोन तृतीयांश परत आलं. यात तुमचा दोष नाही, लठ्ठपणा हा बीपीसारखा वर्षानुवर्षं चालणारा आजार आहे. बंद केल्यावर भूक जोरात परत येईल, त्याची तयारी आधीच करा. प्रोटीन आणि व्यायाम आज बसवलेत तर काही किलो तरी हातात राहू शकतात, आणि बाळंतपणानंतर, अंगावर पाजणं थांबलं की, पुढचं परत ठरवता येईल.

प्रश्न : वय ५८, डायबेटिस, शुगर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी आणि हे इंजेक्शन दोन्ही चालू. एकादशीचा निर्जळी उपास चालेल का? (सांगलीचे एक वाचक)

उत्तर : काका, निर्जळी नको. इंजेक्शनने एकट्याने शुगर सहसा फार खाली जात नाही पण ग्लिमेपिराइडबरोबर जाते, आणि पोटात काहीच नसेल तर चक्कर, घाम, थरथर सुरू होईल. उपास करायचाच असेल तर त्या दिवशी गोळीचं काय करायचं हे डॉक्टरांना आठवडाभर आधी विचारा, दूध, ताक, मूठभर शेंगदाणे, राजगिरा असं दर तीन तासांनी घ्या, तुपातली साबुदाणा खिचडी टाळा. खिशात साखरेची पुडी ठेवा, आणि शुगर ७० च्या खाली दिसली तर उपास तिथेच सोडून लगेच साखर खा.