आयटीआयनंतर अप्रेंटिसशिप करू का?

कर, बिनधास्त कर. फिटरचा हात बसतो तो शॉपफ्लोअरवरच. सोलापुरात चिंचोळीत लाग नाहीतर अक्कलकोट रोड एमआयडीसीत, आधी एवढं बघ:

- १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याप्रमाणे करार नोंदवलाय ना? नाहीतर स्टायपेंड आणि प्रमाणपत्र, दोन्हीवर पाणी.
- मोजमाप पक्कं कर. व्हर्नियर ०.०२ मिमीपर्यंत दाखवतो, मायक्रोमीटर ०.०१. पण जॉबची, म्हणजे हातातल्या धातूच्या तुकड्याची, बर (कडेला राहिलेली खरखरीत धार) न काढता मोजलंस तर दोन्ही चुकीचं सांगणार.

नवी पोरं फाइल (कानस) मागे घेतानाही दाबतात, दाते बोथट होतात. त्याहून वाईट म्हणजे थोडे जास्त पैसे दिसले की करार अर्धवट सोडतात. तसं करू नकोस रे.

सीएनसीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचं, नंतर बघू. आधी काटकोनात फायलिंग जमव: ट्राय स्क्वेअर (गुण्या) लावून उजेडाकडे धर, फट दिसली की परत घास.