सॅमनची अंडी वर्गात वाढवताना दिवस मोजू नका, तापमान मोजा

तुमची पोस्ट वाचून पोटात खड्डा पडला. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात वर्गात कोहो सॅमनची (सॅमन माशाची एक जात) अंडी येणार, सोबत तारखांचा छापील तक्ता आहे, मुलांसाठी काय उपक्रम घ्यावेत, असं तुम्ही विचारलंय. माझ्याकडेही असाच तक्ता होता.

टाकी, चिलर (पाणी थंड ठेवणारं यंत्र), क्लोरीन काढलेलं पाणी हे तुम्ही पाहिलं असेलच.

आमच्या तक्त्यात लिहिलं होतं, अंडी आल्यापासून 25 दिवसांनी पिल्लं. म्हणजे 2 जानेवारी, शाळा उघडण्याचा दिवस. पण तो हिशेब 8 अंश सेल्सिअस पाण्याचा होता आणि आमचा चिलर 11च्या खाली उतरेना. अंडी देणाऱ्या कार्यालयाला दोनदा फोन केला. "तक्त्याप्रमाणे चला," एवढंच उत्तर मिळालं, आणि मी तसंच केलं. त्याची हळहळ अजून जात नाही. अंडं कधी फुटणार हे अंडी फळल्यापासून रोजच्या तापमानाच्या (अंश सेल्सिअस) बेरजेवर ठरतं. आमची अंडी आली तेव्हा ती बेरीज 270 होती. कोहोची अंडी साधारण 470च्या आसपास फुटतात (थोडं मागेपुढे होतं). उरलेल्या 200ला 8 अंशांत 25 दिवस लागतात, 11 अंशांत फक्त 18. म्हणजे पिल्लं 26 डिसेंबरच्या सुमारास, ऐन सुट्टीत बाहेर आली. टरफलं आणि मेलेली अंडी काढायला तिथे कोणीच नव्हतं.

शाळा उघडली तेव्हा पाण्यावर फेसाचा थर होता, खड्यांवर कापसासारखी बुरशी, आणि तिच्यात अडकलेली पिल्लं, पोटाची नारिंगी पिशवी, म्हणजे बलकाची शिदोरी, तशीच. एक मुलगी बाहेरून काच पुसत राहिली. तिला वाटलं, काच मळली आहे.

म्हणून माझ्या मते पहिला उपक्रम हाच: भिंतीवर लांब कागद लावा, रोज एका मुलाने तापमान वाचून बेरीज पुढे न्यायची आणि फुटण्याचा दिवस वर्गाने सांगायचा. कागदी थाळीवर जीवनचक्राचं वर्तुळ रंगवून घेण्यापेक्षा मुलं यात कितीतरी जास्त शिकतात.

दुसरा मण्यांचा. कोहोची मादी शेपटीने खडीत खड्डा करून साधारण अडीच हजार अंडी घालते. बरणीत 2500 मणी घ्या. पूर, मोठे मासे, धरण, समुद्र, जाळी, प्रत्येक टप्प्यावर मुलांनीच मूठमूठ मणी काढायचे. नदीतली संख्या टिकायला शेवटी दोन उरले तरी पुरतात. आमच्या वर्गात इथे शांतता पसरली होती.

तिसरा वासाचा. समुद्रातून परतताना सॅमन वासावरून आपल्या जन्माचा ओढा ओळखतो, हे हॅस्लर आणि विस्बी या शास्त्रज्ञांनी 1951मध्ये मांडलं. लवंग, लिंबू, पुदिना अशा बंद डब्या करा, सुरुवातीला एक हुंगवा आणि आठवड्यानंतर "घरची" डबी शोधायला सांगा.

आणखी एक, पोटाची पिशवी पूर्ण आत जाईपर्यंत खाद्य टाकू नका. मुलं फार मागे लागतात, पण पाणी नासतं.

मी मत्स्यतज्ज्ञ नाही, शिक्षिका आहे. वाढलेले मासे नदीत सोडण्याची परवानगी आणि जागा यांचे नियम अंडी देणाऱ्यांकडून लेखी घ्या. अंडी ताब्यात घेतानाच बेरीज किती झाली आहे तेही विचारा. फुटायचा दिवस सुट्टीत येत असेल, तर अंडी उशिरा द्यायला सांगा किंवा सुट्टीत रोज टाकी बघणारा माणूस आधीच ठरवा.