जहाज वेळेवर लागलं, मग माल कुठे अडकतो?

तुमचा प्रश्न असा, की जहाज ठरल्या दिवशी बंदराला लागूनही माल गोदामात यायला दोन-दोन आठवडे का जातात, आणि तो सरळ रेल्वेनेच का आणत नाहीत. मी बरीच वर्षं क्लिअरिंगच्या, म्हणजे बंदरातून माल सोडवून आणण्याच्या कामात आहे. माझ्या अनुभवात माल वाटेत कमी आणि हात बदलताना जास्त अडकतो.

एकेक गोणी, एकेक पेटी खांद्यावरून उतरायची तेव्हा जहाजं धक्क्यालाच दिवसेंदिवस उभी राहत. 1956 मध्ये अमेरिकेतले वाहतूक व्यावसायिक मॅल्कम मॅक्लीन यांचं 'आयडियल एक्स' हे जहाज 58 कंटेनर घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनला गेलं आणि हे चित्र पालटायला लागलं. तोच डबा न उघडता जहाजावरून वॅगनवर, वॅगनवरून ट्रेलरवर जाऊ लागला. आता जहाज लवकर मोकळं होतं, खोळंबा यार्डात होतो. हिशेब करून बघा. एका जहाजातून 3,000 चाळीसफुटी डबे उतरले आणि एका मालगाडीवर 45 बसतात असं धरलं, तर सदुसष्ट गाड्या लागतील. तेवढ्या एकदम येणार कुठून? मग डबे चार-पाच थरांत रचून ठेवतात. तुमचा तळाशी असला, तर आधी वरचे हलवायचे.

त्यात कागद. बिल ऑफ लेडिंग (माल जहाजावर घेतल्याचा कागद), कस्टम्सची मंजुरी, शिपिंग लाइनची, म्हणजे जहाज कंपनीची डिलिव्हरी ऑर्डर (माल सोपवायचा आदेश), यातलं एक जरी राहिलं तरी गेटपास मिळत नाही. एकदा कंटेनर नंबरातला एकच आकडा कागदावर चुकला होता. यंत्राचे सुटे भाग नऊ दिवस पडून राहिले आणि तिकडे कारखाना बंद. त्या मालकांचा रोज संध्याकाळी येणारा फोन मी विसरलेलो नाही.

रेल्वेचं म्हणाल तर रुळावर घर्षण कमी, त्यामुळे टनामागे इंधन कमी लागतं. लांब पल्ल्याला मी रेल्वेच सुचवतो. पण रूळ गोदामाच्या दारापर्यंत नसतो. शेवटी ट्रेलर लागतोच, म्हणजे चढ-उतार वाढली. जवळच्या अंतरात ती परवडत नाही. शिवाय रूळ सामाईक असला, की प्रवासी गाडी पुढे जाईपर्यंत मालगाडी बाजूच्या लाइनवर थांबते. चीन-कझाकस्तान सीमेवर तर रुळांची रुंदीच बदलते, 1,435 मिमीची 1,520 होते, म्हणून खोरगोसला डबे दुसऱ्या गाडीवर चढवावे लागतात.

पुढच्या खेपेला बिल ऑफ लेडिंगचा मसुदा जहाज निघतानाच मागवा आणि नंबर स्वतः ताडून बघा. डेमरेज, म्हणजे डबा मुदतीपलीकडे पडून राहिल्याचा आकार, सुरू होण्याआधी किती दिवस मोफत मिळणार, तेही बुकिंगच्या वेळीच लेखी घ्या.