चंपारणचे निळवाले जमिनीचे मालक होते का?

प्रश्न : आमच्या भंडारा जिल्ह्यात मालगुजार (गावाचा सारा वसूल करणारा जमीनदार) आपल्याकडचाच असे, मग बिहारमधल्या चंपारणात गोऱ्या निळवाल्यांना (निळीचे पीक घेणाऱ्या युरोपीय मळेवाल्यांना) कुळांवर निळीची सक्ती करण्याचा अधिकार कुठून मिळाला?

उत्तर : त्यांतले बहुतेक मालक नव्हतेच, बेतिया राजच्या जमीनदारीतली गावे त्यांनी ठेक्याने घेतली होती, त्यामुळे कुळांवरचा जमीनदाराचा अधिकार त्यांच्या हाती आला. ‘तीनकठिया’ रीतीनुसार कुळाला २० कठ्ठ्यांच्या बिघ्यातले ३ कठ्ठे, तेही बहुधा चांगल्या जमिनीतले, निळीसाठी राखावे लागत. १८९७ पासून जर्मनीची कृत्रिम नीळ बाजारात आली आणि भाव कोसळले, तेव्हा याच सक्तीतून मोकळीक देण्याच्या बदल्यात निळवाल्यांनी खंड (जमिनीचे भाडे) वाढवला किंवा ‘तावान’ म्हणून रोख रक्कम उकळली. म्हणजे तोटा साहेबाचा आणि भरपाई कुळाची! गांधीजी सदस्य असलेल्या १९१७ च्या चौकशी समितीनंतर तावानाचा जेमतेम चौथा हिस्सा परत मिळाला, मात्र तीनकठिया १९१८ च्या कायद्याने बंद झाली.